देव आहे, हे कोणी कोणाला सांगावे?

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला सगळा विदर्भ ‘मेडिकल’ म्हणतो. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळपासून थेट मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणाच्या सीमेपर्यंतचे रुग्ण तिथे येतात. त्यांच्यासोबत आलेली माणसे आवारात, झाडाखाली, पायऱ्यांवर मुक्काम ठोकून असतात, आणि आत वॉर्डात काय चालले आहे ते त्यांना बहुधा अर्धेमुर्धेच कळलेले असते. या माणसांच्या कानावर दिवसभरात एक वाक्य सर्वाधिक वेळा पडत असेल, तर ते ‘देवावर भरवसा ठेवा’ हे आहे. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची आई ते म्हणते, भेटायला आलेला मामा म्हणतो, आणि उपचार संपत आले की कधी कधी डॉक्टरही म्हणतात. इतके सर्रास बोलले जाणारे वाक्य कोणाच्या तरी खाजगी श्रद्धेपुरते राहत नाही. संकटातल्या माणसाशी समाजाने कसे वागावे, याचे धोरणच त्या वाक्यात असते, आणि म्हणून त्याची चर्चा उघडपणे व्हायला हवी.

मी स्वतः श्रद्धावान आहे. संकटाच्या काळात ईश्वराचे सान्निध्य माणसाला लाभते, असे मी मानतो. मात्र ही साक्ष ज्याचे दुःख आहे त्यानेच द्यायची असते, असे माझे म्हणणे आहे. दुःख सोसणाऱ्याने ‘देव माझ्याजवळ आहे’ म्हटले, तर त्या वाक्यात त्याचे सारे सोसणे उतरलेले असते. न सोसणाऱ्याने तेच वाक्य त्याला ऐकवले, तर ऐकवणाऱ्याला त्याची काही किंमत मोजावी लागते का, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. किंमत मोजावी लागत नसेल, तर ते वाक्य बहुतेक वेळा तिथून लवकर निघून जाण्याची सोय ठरते.

आपल्या परंपरेतली दोन उदाहरणे या दृष्टीने फार बोलकी आहेत. गाडगेबाबांच्या एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूची बातमी त्यांना कीर्तन चालू असताना मिळाली. ‘असे मेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी’ असे उद्गार काढून त्यांनी कीर्तन पुढे चालू ठेवले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. आजही कीर्तनकार हा प्रसंग सांगतात आणि श्रोत्यांचे डोळे भरून येतात. पण हेच शब्द त्या दिवशी श्रोत्यांपैकी कोणी उठून गाडगेबाबांना ऐकवले असते, तर त्या माणसाला आपण काय म्हटले असते? शब्द तेच राहिले असते, आणि तरी त्याच्या तोंडून ते निर्दयपणाचे ठरले असते. आपल्या एका दुःखाकडे पाहताना जगातली कोट्यवधी दुःखे आठवणे, ही बापाने स्वतःच्या छातीवर ठेवलेली धोंड होती. ती दुसऱ्याच्या छातीवर ठेवण्याचा अधिकार कोणालाही नव्हता, खुद्द गाडगेबाबांनाही नव्हता, आणि त्यांनी तसे कधी केलेही नाही. इतरांसाठी त्यांनी जो रोकडा धर्म सांगितला, त्यात भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, बेघरांना आसरा आहे आणि दुःखी व निराश माणसांना हिंमत आहे. स्वतःसाठी एक भाषा आणि इतरांसाठी दुसरी, हा भेद त्यांनी जन्मभर पाळला. म्हणूनच मंदिरे बांधण्यापेक्षा त्यांनी धर्मशाळा बांधण्यावर भर दिला. मुंबईत दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आसऱ्याला असतात, आणि त्यांत आपल्या विदर्भातलेही असतात.

तुकोबांचे तसेच. 1630च्या भीषण दुष्काळाने त्यांचा व्यापार बुडवला आणि पहिली पत्नी व मुलगा हिरावून नेला. पुढे त्यांनी लिहिले, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली.’ साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्र ही ओळ गातो आहे. आता हीच ओळ घेऊन कोणी यवतमाळच्या एखाद्या कापूस उत्पादकाच्या दारात जावे, बोंडअळीने पीक खाल्लेले, बँकेचे आणि सावकाराचे दोन्ही कर्ज डोक्यावर असलेले, अशा माणसाला ‘बरे झाले दिवाळे निघाले’ असे सांगावे, ही कल्पनाही सहन होत नाही. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकार एक लाख रुपयांची मदत देते, त्यांतले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्या घरातल्या विधवेला देवाची इच्छा समजावून सांगायला जाणाऱ्याने आधी तेवढी तरी पदरमोड केलेली असावी. तुकोबांनी मात्र ती केली होती. वडिलोपार्जित सावकारीतल्या आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली आणि आपल्या ऋणकोंना मोकळे केले, असे परंपरा सांगते. ईश्वराच्या सान्निध्याचा अनुभव त्यांनी दुसऱ्याला प्रवचन देऊन पोहोचवला नाही, दुसऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवून पोहोचवला. दिवाळे निघाल्याबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या माणसाने दुसऱ्याचे दिवाळे निघू नये याची व्यवस्था केली, ही गोष्ट कीर्तनांतून जितकी ठासून सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

श्रद्धा म्हणजे मुकाट्याने सोसणे, हाही आपल्या परंपरेवर लादलेला समज आहे. चोखोबांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. परंपरेने त्यांचे जन्मस्थान आपल्या विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणा राजा येथे मानले जाते. ‘हीन याती माझी देवा, कैसी घडे तुझी सेवा’ असे ते देवालाच विचारतात. या प्रश्नात देव जवळ असल्याची खात्रीही आहे आणि देवाकडे केलेली तक्रारही आहे. जो नाहीच त्याच्याशी कोणी भांडत नाही. नामदेवांचे विठ्ठलाशी रुसवे-फुगवे, जनाबाईंनी त्याला दिलेल्या शिव्या, हे सारे भक्तीच्या बाहेरचे आहे असे कोणत्याही वारकऱ्याने कधी म्हटलेले नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीतही सांत्वनाला आलेले मित्रच त्याला ‘तुझे काही पाप असेल’ म्हणून डिवचतात, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर एखादी आई देवाला बोल लावत असेल, तर ‘असं बोलू नये, बाई’ असे म्हणून तिला गप्प करणाऱ्यांनी थोडे थांबून विचार करावा. ती त्या क्षणी प्रार्थनाच करत असण्याची शक्यता फार मोठी आहे.

हे सारे मला ज्या एका आजाराच्या संदर्भात सर्वाधिक जाणवते, तो सिकलसेल. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी आणि दलित समाजांत, हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत, पाठीत, छातीत असह्य वेदना सुरू होतात. पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला, अंगमेहनत जास्त झाली, एवढे कारणही पुरते. विदर्भातल्या कित्येक घरांत दहा-बारा वर्षांचे मूल अशा कळांनी रात्रभर तळमळते, आणि घरातले मोठे मागच्या पिढीतला दोष, कुळाचा शाप, पूर्वजन्मीचे पाप शोधत बसतात. सुनेच्या माहेराकडे बोट दाखवले जाते, ते तर नित्याचेच.

आता विज्ञान काय सांगते ते पाहा. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे या आजाराच्या जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे दोष असलाच तर दोघांचा सारखा, आणि खरे तर कोणाचाच नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला मलेरियापासून मोठे संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या ज्यांनी जगण्याची झुंज दिली, त्यांच्या रक्तात हे जनुक टिकून राहिले. ज्याला शाप म्हटले जाते, त्यानेच आजा-पणजांचा जीव वाचवला होता. एवढे कळले की ‘पाप’ हे स्पष्टीकरण कोसळते, आणि ते कोसळलेच पाहिजे. श्रद्धावान माणसाने तर सगळ्यांत आधी ते पाडले पाहिजे, कारण लेकरांना आजाराची शिक्षा देणाऱ्या देवाच्या सान्निध्याने धीर येत नाही, धास्ती वाटते.

पण विज्ञानाने दिलेल्या त्या चारात एकाच्या हिशेबाने वेदनेत तळमळणाऱ्या मुलाचा प्रश्न सुटत नाही. ‘मीच का?’ याला ‘योगायोगाने’ हे उत्तर अचूक आहे, पण ते रात्र काढायला पुरत नाही. माझ्या मते श्रद्धेची खरी जागा इथे सुरू होते. ती कारण सांगत नाही, निकालाची हमी देत नाही. या वेदनेत मी एकटा नाही, एवढेच ती म्हणते. कारण डॉक्टरांनी सांगावे, या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आणि गरज पडली तर रक्त शासनाच्या रुग्णालयात वेळेवर मिळावे, आणि मग त्या मुलाला जी सोबत जाणवते तिला देव म्हणायचे की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. या क्रमात श्रद्धेचा अपमान नाही. उलट जे काम तिचे नव्हतेच, त्यातून तिची सुटका होते.

दुसऱ्याच्या दुःखाला ईश्वरी अर्थ लावण्याचा मोह फार मोठ्या माणसांनाही होतो. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. गांधीजी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या देशव्यापी दौऱ्यावर होते. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात वर्ध्याहून, म्हणजे आपल्याच शेजारातून, तो दौरा सुरू झाला होता. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे, असे त्यांनी म्हटले. रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. भौतिक घटनेचा नैतिक पापाशी असा संबंध जोडणे अविवेकाला बळ देणारे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी ती हरकत आपल्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात छापली आणि आपला विश्वास सोडला नाही. अस्पृश्यतेविरुद्धचा गांधीजींचा कळवळा खरा होता याबद्दल मला शंका नाही. तरीही या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. भूकंपात गाडली गेलेली माणसे सवर्णांइतकीच दलितही होती. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच त्या अन्यायाच्या शिक्षेत भागीदार करणारे स्पष्टीकरण, ते कितीही उदात्त हेतूने केलेले असो, सोसणाऱ्याच्या अंगणात उभे राहू शकत नाही.

याच मोहाची एक अगदी नागरी आवृत्ती आपण सप्टेंबर 2023 मध्ये नागपुरात पाहिली. 22 तारखेच्या मध्यरात्रीनंतर काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत झोपेतल्या माणसांच्या घरांत पाणी शिरले. सकाळी ‘वरच्याचीच करणी’ असे उद्गार सगळीकडे ऐकू येत होते. पाऊस वरून पडला हे खरे. नदीचे पात्र आवळणारी अतिक्रमणे आणि सांडव्याच्या तोंडाशी झालेली बांधकामे मात्र खालच्यांची करणी होती. जिथे उत्तरदायी माणूस आहे, तिथे देवाचे नाव पुढे करणे ही श्रद्धा नव्हे, आणि प्रशासनाला हे नाव फार सोयीचे पडते याकडे श्रद्धावानांनीच लक्ष ठेवले पाहिजे.

विवेकवादी मित्र यावर म्हणतील की मग श्रद्धा हवीच कशाला, तिचा गैरवापर इतका सहज होत असेल तर ती बाजूलाच ठेवावी. हा आक्षेप मी हलका मानत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे या कायद्याने गुन्हा ठरवले. पण त्याच कायद्याने प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना स्पष्टपणे त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. या भेदाला काही जण राजकीय तडजोड म्हणतात. मला तो विचारपूर्वक केलेला वाटतो. उपचाराची वाट अडवणारी श्रद्धा आणि उपचाराच्या वाटेवर सोबत करणारी श्रद्धा, या दोहोंमधली रेषा कायद्याने जिथे ओढली, नेमक्या तिथेच मीही ती ओढीन.

आणि नागपुरात बसून देवाच्या भरवशाविषयी लिहिणाऱ्याला दीक्षाभूमीला वळसा घालून जाता येत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्म स्वीकारला, आणि बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेश यांना देव न मानण्याची आहे. ज्या समाजाला शतकानुशतके ‘हे तुझे पूर्वकर्म’ म्हणून त्याच्या दुःखाचा अर्थ परस्पर सांगितला गेला, त्याने तो अर्थ सांगणाऱ्यांसकट नाकारला. हा नकार मला माझ्या श्रद्धेवरचा हल्ला वाटत नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावणाऱ्यांना इतिहासाने दिलेले ते उत्तर आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला बुद्धांनी कारण सांगितले नाही, आश्वासनही दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आणायला सांगून तिला दारोदार, माणसांमध्ये पाठवले. मेडिकलच्या एकाच वॉर्डात ‘बुद्धं सरणं’ म्हणणारा, टेकडीच्या गणपतीला नवस बोललेला आणि ताजाबादच्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावरचा धागा मनगटाला बांधलेला, असे तिघे शेजारी-शेजारी असतात, आणि रात्री सलाइन संपत आले की तिघांपैकी जो जागा असेल तो सिस्टरला हाक मारतो. देव न मानणाऱ्याची ती हाक माझ्या दृष्टीने देवाच्या सान्निध्यातच मोडते. त्याने तसे मानावे, असा माझा आग्रह अर्थातच नाही.

ताजुद्दीन बाबांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. या शहराने ज्यांना अवलिया मानले, ते बाबा इंग्रजी अमदानीत कित्येक वर्षे नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते, आणि सर्व धर्मांची माणसे त्यांना भेटायला तिथे जात असत. समाजाने ज्यांच्याकडे पाठ फिरवलेली असते त्यांच्यातच जाऊन देव शोधायचा, ही या मातीची जुनी रीत आहे. तुकडोजी महाराजांना 1942च्या आंदोलनात अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. त्यांनी रुजवलेली प्रार्थना सामुदायिक होती. एकट्याने डोळे मिटण्यापेक्षा गावाने एकत्र बसण्यावर त्यांचा भर होता. संकटात देव जवळ आहे हे माणसाला बहुधा माणसांमुळेच जाणवते, हे त्यांना पुरते ठाऊक असावे.

आधुनिक वैद्यकानेही हे ओळखलेले आहे. परिचारिका, समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला मरणासन्न रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्या स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या, पण रुग्णाला देव सांगण्याआधी त्यांनी त्याला नियमित वेळेवर वेदनाशामक औषध दिले. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, असे त्यांनी मांडले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या, व्याख्येत आध्यात्मिक प्रश्नांचा समावेश केला. आपल्याकडे मात्र ‘आता देवावर सोडा’ हे वाक्य पुष्कळदा मॉर्फिनच्या जागी वापरले जाते. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतला रुग्ण घरी पाठवताना त्याच्या वेदनांची सोय केलेली नसेल, तर डॉक्टरांनी देवाचे नाव घेऊ नये, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

मग करायचे काय? विदर्भात मंदिरांची, दर्ग्यांची, विहारांची, चर्चची कमी नाही. धापेवाड्याला तर विदर्भाचे पंढरपूरच म्हणतात. रुग्णालयांच्या दारात अन्नदान करणारी मंडळे आजही आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण जेवण देऊन परतण्यापेक्षा कठीण काम बाकी आहे. गावाकडून आलेल्या माणसाला कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते सांगणे, शासकीय योजनेचा अर्ज भरून देणे, रक्तदाता शोधणे, बापासोबत एमआरआयच्या रांगेत उभे राहणे. यासाठी विश्वस्त मंडळांनी रोजचा एक माणूस, पगार देऊन, मेडिकलला आणि मेयो या नागपूरच्या दुसऱ्या शासकीय रुग्णालयाला नेमावा. भक्तांनी दानपेटीत टाकलेल्या पैशाचा याहून थेट उपयोग मला तरी दिसत नाही.

कीर्तनकार आणि प्रवचनकारांकडे माझे आणखी एक मागणे आहे. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि 2047पर्यंत हा आजार संपवण्याचे उद्दिष्ट ठरले. ते साधायचे तर लग्न ठरण्याआधी मुलगा आणि मुलगी दोघांचे रक्त तपासले गेले पाहिजे, आणि ते केवळ सरकारी फलकांनी होणार नाही. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे त्यांनी सप्त्याच्या व्यासपीठावरून सांगावे की हा आजार कोणाच्या पापाने होत नाही, वाहक असणे हा कलंक नाही, आणि पत्रिका जुळवायच्या आधी तपासणीचा कागद पाहावा. सप्ता जिथे भरतो त्याच मांडवात, आरोग्य केंद्राच्या मदतीने, ही तपासणी करता येते. त्यासाठी बोटातून निघणारे रक्ताचे दोन-तीन थेंब पुरतात.